आभाराची चिठ्ठी

ती चिठ्ठी माझ्या हातची. आधीच कबूल करून टाकतो, कारण मणलेल घराण्यात काही बिघडलं की खापर शेवटी जावयाच्याच डोक्यावर फुटतं, आणि या खेपेला ते फुटलं ते बरोबरच होतं.

शुक्रवारची प्रार्थना संपत आली होती. इथे ओमानात रविवारी शाळा-कचेऱ्या चालू असतात, म्हणून आमचा देव शुक्रवारी. फादर महिन्यातून एकदाच मस्कतहून सोहारला येतात, त्यामुळे उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यात शेवटी ते लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्या वाचतात. कोणाचं ऑपरेशन, कोणाचं बाळंतपण, कोणी पाचव्यांदा ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसलेला. मी डुलक्या काढत होतो, तेवढ्यात कानावर आलं, "मणलेल मरियाम्मा यांच्याकडून आभारप्रार्थना. त्यांची सून जिन्सी टीचर हिला मस्कतच्या शाळेत एक एप्रिलपासून इंग्रजीच्या शिक्षिकेची नोकरी मिळाल्याबद्दल."

माझी झोप खाडकन उतरली. बायकांच्या बाजूला जिन्सीने डोक्यावरची ओढणी आणखी पुढे ओढली. माझी बायको लीलाम्मा तिच्या शेजारीच होती, तिने वळून जिन्सीकडे असं पाहिलं की मला इथून घाम फुटला. आणि पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या बाकावर, जिन्सीच्या आत्ताच्या शाळेचे प्रिन्सिपल फिलिपोस सर बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

जिन्सीने राजीनामा दिलेला नव्हता. रविवारी सकाळी ती सरांकडे जाऊन हळूच विषय काढणार होती. सरांचा स्वभाव सगळ्या सोहारला माहीत आहे. पहिल्यांदा त्यांच्या कानावर घातलं तर माणूस ऐकून तरी घेतो. बाहेरून कळलं की संपलं. आणि सरांच्या एनओसीशिवाय या देशात मास्तरीण हलू शकत नाही. व्हिसा शाळेच्या नावावर. जुन्या शाळेने हरकत नसल्याचं पत्र दिलं तर दुसरी शाळा घेते. नाही दिलं तर व्हिसा रद्द करून घरी, आणि पुढची दोन वर्षं इथे पाय ठेवायचा नाही. गणिताच्या रोझी टीचरचं असंच झालं. नवरा इथे, ती तिकडे केरळात, तिरुवल्ल्यात, फोनवर संसार चाललाय.

आता माझं पाप. मी अठ्ठावीस वर्षं टायपिंग सेंटरमध्ये बसून लोकांचे व्हिसाचे अर्ज भरतोय. अम्मची, म्हणजे माझी सासू, मला एवढंच म्हणाली होती, "सुनेच्या कामाबद्दल देवाचे आभार, असं लिही रे दोन ओळींत." पण अर्धवट भरलेला कागद माझ्या हातून सुटतच नाही. नाव, हुद्दा, नव्या मालकाचं ठिकाण, रुजू होण्याची तारीख. सगळे रकाने भरले. खाली अम्मचीची सहीसुद्धा घेतली.

*

जेवण दर शुक्रवारी जिन्सीच्या फ्लॅटवर असतं. भात, कोकम घातलेली माशाची लाल आमटी, बीफचं सुकं, ताक. त्या दिवशीही सगळं मांडलेलं होतं, फक्त कोणी वाढत नव्हतं. जिन्सी आणि तिचा नवरा रेजी, म्हणजे माझा मेहुणा, यांची सात वर्षांची लेक ॲना खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे पाठवलेली.

"मला कळायला चर्चमध्ये यावं लागलं," लीलाम्मा म्हणाली. "सगळ्या गावाबरोबर. रांगेत बसून."

"चेच्ची, मी रविवारी सांगणारच होते," जिन्सी म्हणाली. चेच्ची म्हणजे थोरली बहीण. नणंदेलाही आमच्यात तेच म्हणतात.

"सरांना सांगायच्या आधी की नंतर?"

जिन्सीने पाण्याचे पेले सरळ रांगेत लावले.

"नऊ वर्षांपूर्वी या नोकरीसाठी त्या माणसाच्या दारात मी उभी राहिले होते. नर्सच्या युनिफॉर्मवर, रात्रपाळी करून. त्याच्या बायकोचं आजारपण मी काढलं होतं म्हणून त्याने तुला घेतलं, तुझ्या डिग्रीकडे बघून नाही. आता कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?"

"लीले, पुरे," अम्मची म्हणाली. "चिठ्ठी मी दिली."

"तुला माहीत होतं?" लीलाम्मा आईकडे वळली. "तुला माहीत होतं, रेजीला माहीत होतं, आणि..." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हालासुद्धा?"

मी ताकाच्या भांड्यात बघत राहिलो.

"नवस होता," अम्मची म्हणाली. "हिला मस्कतला काम मिळालं तर चर्चमध्ये आभार वाचायला लावीन, असा बोलले होते. गुरुवारी माझं विमान. फादर पुढच्या महिन्यात येणार. मग कधी फेडायचा नवस? वरून?"

"नवस कशाला पण?" रेजी वैतागून म्हणाला.

"कशाला? मोने, बाळा, तुझी गाडी मस्कतच्या वाटेवर सुवैकजवळ दुभाजकाला घासली, ते मला कोणी सांगितलं नाही म्हणून मला कळत नाही होय? दाराला नवा रंग दिसला. एका दाराला. मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

 रेजी मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर आहे. दर गुरुवारी काम संपलं की दोनशे किलोमीटर गाडी हाकत बायको-मुलीकडे यायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत जायचं, कारण शनिवारी ड्युटी. नऊ वर्षं. गेल्या महिन्यात गाडी चालवताना डोळा लागला. त्याच आठवड्यात जिन्सीने मस्कतच्या शाळांना अर्ज धाडायला सुरुवात केली. तिला मोठी शाळा नको होती, पगारही जवळजवळ तेवढाच. तिला नवरा रोज संध्याकाळी जिवंत घरी यायला हवा होता, बस.

हे लीलाम्माला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं.  मग तिने जिन्सीच्या ताटात भात वाढून वर आमटी ओतली. "जेव आधी," म्हणाली. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

*

चार वाजता बेल वाजली. दारात फिलिपोस सर, हातात खोक्यात बांधलेलं पार्सल. आम्ही सगळे विसरलोच होतो. इथून कोणी गावी निघालं की ओळखीपाळखीचे सगळे आपापलं पार्सल त्याच्या बॅगेत कोंबतात, आणि सरांचं अम्मचीबरोबर आठ दिवसांपूर्वीच ठरलं होतं.

"आईची सांधेदुखीची औषधं आहेत," ते म्हणाले. "आणि थोडे खजूर. वजन जास्त होत असेल तर खजूर काढून टाका."

"बसा सर," जिन्सी म्हणाली. तिचा आवाज अगदी नीट होता. वर्गात बोलते तसा.

सर बसले. चहा आला. केळ्याचे काप आले. सकाळबद्दल कोणी चकार शब्द काढेना. हवा, विमानाचं तिकीट, गावाकडे मल्लप्पळ्ळीचा पाऊस, सगळं झालं. शेवटी अम्मचीनेच तोंड उघडलं.

"आईला कधी भेटलात शेवटचं?"

"चार वर्षं झाली. सुट्टीत शाळेचं बांधकाम असतं, मग शाळेचा मालक, आमचा स्पॉन्सर, म्हणतो थांबा. पासपोर्ट त्याच्याच कपाटात."

"तुमचा पण?"

"माझा पण, अम्मची. मी काय वेगळा आहे? एक शिक्षक गेला की त्याच्या जागी नवा व्हिसा मिळायला चार-चार महिने लागतात. दहावीचा वर्ग मोकळा राहिला की पालक माझ्या मानगुटीवर बसतात. आणि एकाला एनओसी दिली की आणखी सहा जण रांगेत उभे." त्यांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा जिन्सीकडे पाहिलं. "टीचर, मी सकाळी काही ऐकलं नाही. माझं लक्ष नव्हतं. तुम्ही रविवारी एनओसी मागणारं पत्र आणू नका. आणलंत तर मला त्यावर लेखी 'नाही' म्हणावं लागेल, आणि ते तुमच्या फाइलला राहील. नाही आणलंत तर काही झालंच नाही."

जिन्सी म्हणाली, "बरं, सर."

ते गेले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लीलाम्मा म्हणाली, माणूस चांगला आहे हो, राग धरला नाही. रेजी म्हणाला, नोकरी तर शाबूत राहिली. मीही कायसं बरंच बोललो. आम्ही चहा परत गरम करून घेतला. जिन्सी मात्र त्या पार्सलवरची सुतळी बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. घरात सगळे सुटले होते, एकटी तीच अडकली होती, आणि आमच्या ध्यानातच येत नव्हतं.

"म्हणजे मी देवाला खोटं सांगितलं," अम्मची म्हणाली. "न मिळालेल्या गोष्टीचे आभार मानले."

तेव्हा लीलाम्मा एकदम म्हणाली, "रेजी, तू तुझ्या कंपनीत विचारलंस कधी?"

"काय?"

"सोहार बंदरावर तुमचं काम चालू आहे ना? मोठा बोर्ड आहे हायवेला. रोज ड्युटीवर जाताना बघते. इकडे बदली मागितलीस कधी?"

रेजी म्हणाला, "तसं नसतं ते, चेच्ची. एनओसीची भानगड..."

आणि इथे मला तोंड उघडावंच लागलं. "अळिया," मी म्हणालो, कारण मेहुण्याला आमच्यात अळिया म्हणतात, "बदलीला एनओसी लागत नाही. मालक तोच, व्हिसा तोच. फक्त कामाचं ठिकाण बदलल्याचा एक अर्ज. मी आठवड्याला असे पाच भरतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मग नऊ वर्षं तोंडात काय धरलं होतंत?" लीलाम्माने विचारलं.

मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मला सुचलं नव्हतं. बायको नवऱ्याच्या गावी जाते, एवढंच आमच्या सगळ्यांच्या डोक्यात. नऊ वर्षं चर्चा व्हायची ती जिन्सीच्याच व्हिसाची. जिन्सीसुद्धा तिच्याच व्हिसाची करायची.

ती उठली, आतून कोरे कागद घेऊन आली आणि रेजीपुढे ठेवले. "लिही."

"आत्ता?"

"आत्ता. मी रविवारी माझं पत्र नेते. सर नाही म्हणतील, म्हणू देत, मी मागितलं होतं एवढं तरी फाइलला राहील. तू उद्या तुझं दे."

रेजीने लिहिलं. अर्धा तास लागला. जिन्सीने वाचलं आणि सवयीने लाल पेन काढून दोन ठिकाणी खुणा केल्या. त्याने मुकाट्याने परत लिहिलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग नेहमीप्रमाणे चर्चचा पांढरा शर्ट काढून प्रवासाचा टी-शर्ट चढवला, ॲनाला खालच्या मजल्यावर जाऊन पापा दिला आणि निघाला. चर्चचे कपडे दर शुक्रवारी तो इथेच टाकून जातो. जिन्सी धुते, इस्त्री करते, पुढच्या शुक्रवारसाठी टांगून ठेवते.

*

शनिवारी सकाळी साडेसातला मला जिन्सीचा फोन. मला ती थोरल्या भावासारखं अच्चाया म्हणते. "अच्चाया, गाडी काढाल?"

पत्र शर्टाच्या खिशात तसंच होतं. पाण्यात घालायच्या आधी तिने खिसे चाचपले म्हणून वाचलं. रेजीला फोन लावला तर म्हणाला, "अरे, विसरलो. पुढच्या आठवड्यात नेतो." ती बरं म्हणाली आणि मला फोन केला.

लीलाम्मा रात्रपाळीहून येऊन आडवी झाली होती, ती तशीच उठून गाडीत बसली. अम्मची नको नको म्हणताना चढली. ॲनाला शेजारी ठेवलं. जिन्सीच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो शर्ट होता, न धुतलेला, आणि हातात पत्र. सुवैक आलं तेव्हा अम्मचीने विचारलं, "इथेच घासली का गाडी?"  तिने क्रुसाची खूण केली.

कंपनीच्या बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक नोटीस-बोर्ड. समोर काचेपलीकडे रेजीचं टेबल. आम्हाला चौघांना पाहून तो असा उभा राहिला की मला वाटलं कोणी गेलं-बिलं असं समजला बिचारा. बाहेर आला. "काय झालं?"

जिन्सीने पत्र पुढे केलं. "विसरला होतास."

त्याने पत्र घेतलं. हातात धरून उभा राहिला. मग मॅनेजरच्या दारावर टकटक करून आत गेला. आम्ही बसलो. जिन्सी बसली नाही. तिला समोर काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय चैन पडत नाही, मास्तरीणच ती. बोर्डावरची एकेक नोटीस वाचत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. खूप वेळ थांबली. मी उठून मागून पाहिलं. कागद पिवळा पडला होता. सोहार साइटसाठी स्टोअरकीपर पाहिजे, कंपनीतल्या इच्छुकांनी नाव द्यावं. तारीख गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. तिने तो कागद बघितला, मग मागे वळून रेजीचं टेबल बघितलं. टेबलावरून तो कागद सरळ समोर दिसत होता.

रेजी बाहेर आला. "नाव लिहून घेतलं," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची जागा भरली. सप्टेंबरमध्ये आणखी एक निघेल, तेव्हा बघू म्हणाले. मला विचारत होते, तुझं कुटुंब सोहारला असतं हे तू कधी बोललाच नाहीस."

"रेजी," जिन्सी म्हणाली, "ही नोटीस तू पाहिली होतीस?"

त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला, मला दिसलं. मग खांदे पाडले. "पाहिली होती."

"मग?"

तो जिन्सीशी बोलत होता, पण बघत होता बहिणीकडे. "चेच्चीने व्हिसा काढला, चेच्चीने पहिली नोकरी लावली, बायकोची नोकरी चेच्चीने लावली. तिकडे मी लीलाम्मा सिस्टरचा भाऊ. दुकानदारसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. इथे मला रेजी म्हणतात. तूच इकडे आलीस तर बरं होईल, असं वाटत होतं मला. दर वर्षी वाटायचं, या वर्षी येशील."

लीलाम्माने सत्तावीस वर्षं रुग्णांचं काय काय ऐकून घेतलंय, चेहरा हलत नाही तिचा. तेव्हा हलला. ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, सापडलं नाही, पर्स बंद केली.

"मी दर गुरुवारी खिडकीत उभी असते," जिन्सी म्हणाली. "फोन उचलला नाहीस की हॉस्पिटलचा नंबर काढून ठेवते. आणि तू रोज सकाळी हे वाचत होतास." तिचा आवाज चढला नाही. मला वाटतं चढवायला तिच्यात काही उरलंच नव्हतं.

"चुकलो, जिन्सी," रेजी म्हणाला.

"हो."

अम्मचीने खुर्चीवरून विचारलं, "मोळे, पोरी, सप्टेंबरसाठी परत एक चिठ्ठी..."

"अम्मची," जिन्सी म्हणाली, "आता कोणी देवाला काही कळवू नका."

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

मग तिने पिशवी रेजीच्या हातात दिली. त्याने आत पाहिलं. "शर्ट?"

"हा इथेच ठेव. तुझा तू धू. पुढच्या गुरुवारी येऊ नकोस, त्याच्या पुढच्यालाही नको. झोप काढ. बदली झाली की ये, मग कपाटात जागा करते."

"आणि नाही झाली तर? सप्टेंबरपर्यंत?"

"उद्या मी माझं पत्र देते. सर नाही लिहितील. पुढच्या महिन्यात परत देते." तिने ओढणी नीट केली. "नऊ वर्षं मी थांबले. आता सप्टेंबरपर्यंत तू थांबून बघ."

परतीच्या वाटेवर लीलाम्मा पुढे माझ्या शेजारी न बसता मागे जिन्सीजवळ बसली. सुवैक गेल्यावर म्हणाली, "उद्या किती वाजता?"

"दहाला."

"मी युनिफॉर्म घालत नाही," लीलाम्मा म्हणाली. "साध्या साडीत येते. बाहेर बाकावर बसते. आत तू एकटी जा."

जिन्सीने हो म्हटलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून सोहारपर्यंत झोपली. मी गाडी ऐंशीच्या वर नेली नाही.